कार्ड कुणाचं, ड्रायव्हर कुणाचा?

"भाऊ, वायफायच येऊन नाही राहिलं." नागपुरातल्या मनीषनगरच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत कॉलेजं सुरू व्हायच्या दिवसांत ही तक्रार हमखास ऐकू येते. त्यावरचं उत्तरही बहुतेक ठरलेलं: "ठेवून जा, फॉरमॅट मारून देतो." संध्याकाळी लॅपटॉप परत मिळतो. कधी वायफाय सुरू झालेलं असतं, कधी दोन दिवसांनी पुन्हा जातं, तर कधी आधी जेमतेम चालत होतं तेही बंद पडतं. मग कार्ड खराब आहे, मदरबोर्ड गेला, नागपूरच्या उन्हाने चिप जळली, असे निदानाचे प्रकार सुरू होतात. यातल्या बऱ्याच लॅपटॉपमधलं कार्ड ठणठणीत असतं. नसतो तो त्याचा ड्रायव्हर, किंवा असतो पण चुकीचा.

वर्धा रोडपासून बेसा, बेलतरोडीपर्यंत पसरलेल्या या वस्तीत प्रश्न जास्त टोचतो, कारण इथलं रोजचं काम नेटवर टेकलेलं आहे. मिहानमधल्या कंपन्यांत नोकरी करणारी आणि आठवड्यातले काही दिवस घरून काम करणारी मंडळी इथे राहतात, ऑनलाईन परीक्षा देणारी मुलं राहतात, परदेशातल्या लेकीशी व्हिडिओवर बोलणारे निवृत्त आईवडील राहतात. वायफाय कार्ड बंद म्हणजे त्या दिवसाची रजा गेली किंवा परीक्षेचा पेपर हुकला. म्हणून गेल्या वीस वर्षांत हा प्रश्न कसा घडत आला आणि आज कुठे अडला आहे, ते एकदा सलग पाहायला हवं.

लॅपटॉपच्या तळाचं झाकण उघडलं की बोटभर लांबीचं कार्ड दिसतं. दोन बारीक वायरी, बहुधा एक काळी आणि एक पांढरी, त्याला टोचलेल्या असतात. त्या स्क्रीनच्या कडेने वर गेलेल्या अँटेना. कार्डावरची मुख्य चिप इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक किंवा क्वालकॉम यांपैकी कुणाची तरी असते. ती चिप घेऊन कार्ड बांधणारी कंपनी बऱ्याचदा वेगळी, ते कार्ड लॅपटॉपमध्ये बसवणारी एचपी, लेनोव्हो, डेल, असूस किंवा एसर वेगळी, आणि त्यावर चालणारी विंडोज किंवा लिनक्स आणखी वेगळी. ड्रायव्हर हा या सगळ्यांना जोडणारा प्रोग्राम. चिप सुरू होताना तिच्यात एक फर्मवेअर, म्हणजे चिपेच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, भरावं लागतं, तेही बहुतेक वेळा ड्रायव्हरच भरतो. फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांची जोडी जुळली नाही, तर कार्ड जागच्या जागी असूनही संगणकाला दिसत नाही.

ड्रायव्हर लिहिण्याचं काम चिपवाल्याचं. तो तपासून आपल्या मॉडेलसाठी देण्याचं काम लॅपटॉपवाल्याचं. नव्या आवृत्तीवर तो चालेल हे पाहण्याचं काम विंडोजवाल्याचं. ग्राहक तक्रार घेऊन गेला की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. माझ्या मते सगळ्या अडचणींचं मूळ इथे आहे. चिपा वाईट नसतात. त्यांची जबाबदारी शेवटपर्यंत एकाकडे राहत नाही.

हे पहिल्यांदा ठळक दिसलं ते लिनक्सवाल्यांना. २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो हे नाव देऊन लॅपटॉपमध्ये वायफाय घरोघरी नेलं, आणि पुढच्याच वर्षी त्या कार्डांचे मुक्त ड्रायव्हर येऊ लागले. ब्रॉडकॉमची गोष्ट उलट. तिच्या चिपा एचपी आणि डेलच्या असंख्य लॅपटॉपांत होत्या, पण कंपनीने माहिती दिली नाही. शेवटी काही कार्यकर्त्यांनी चिप कशी वागते हे बाहेरून तपासून ड्रायव्हर लिहिला आणि तो जून २००६ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आला. फर्मवेअर मात्र वाटता येत नसल्याने ते प्रत्येकाला विंडोजच्या ड्रायव्हरमधून काढून घ्यावं लागे. दुसरा उपाय एनडिसरॅपरचा: विंडोजसाठी केलेला ड्रायव्हरच लिनक्समध्ये चालवायचा. इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत त्या काळी लिनक्स टाकलेल्या मुलांच्या कित्येक रात्री या दोन उपायांत गेल्या. ब्रॉडकॉमने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये. अथेरॉस ही दुसरी चिप कंपनी तिच्या दोन वर्षं आधी, २००८ मध्ये, खुली झाली होती.

कंपन्यांचे मालकही बदलत गेले. २०११ मध्ये क्वालकॉमने अथेरॉस घेतली, त्याच वर्षी मीडियाटेकने रालिंक घेतली. मालक बदलला की जुन्या चिपेचा ड्रायव्हर सांभाळणारा विभाग राहतोच असं नाही. लॅपटॉप मात्र आपल्याकडे आठ-आठ, दहा-दहा वर्षं वापरला जातो. मोठ्या भावाचा लॅपटॉप धाकट्याकडे, त्याच्याकडून गावच्या चुलत भावाकडे जातो. बारा महिन्यांची वॉरंटी संपल्यानंतरचं हे लांब आयुष्य कुणाच्याच हिशेबात धरलेलं नसतं.

भारतातल्या स्वस्त लॅपटॉपांची एक वेगळी शाखा आहे आणि तिच्याकडे नीट पाहिलं पाहिजे. किंमत खाली आणण्यासाठी अनेक मॉडेलं विंडोजशिवाय, फ्रीडॉस किंवा उबुंटू घालून विकली गेली. विद्यार्थ्यांनी ती भरभरून घेतली. घरी आणल्यावर दुकानदाराने किंवा मित्राने पेनड्राईव्हवरून विंडोज टाकून दिली. पण कंपनीने विंडोज घालून दिलेल्या लॅपटॉपमध्ये ड्रायव्हर आधीच बसवलेले असतात, इथे काहीच नसतं. नेट सुरू करायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर उतरवायला नेट हवं. पूर्वी केबल लावून वेळ मारून नेता येत असे. पातळ लॅपटॉपांतून केबलचा पोर्टही गेला.

या लॅपटॉपांत फार दिसलेलं एक कार्ड म्हणजे रिअलटेकचं आरटीएल८७२३बीई. तक्रार ठरावीक: राऊटरच्या शेजारी बसलं तर चालतं, पुढच्या खोलीत गेलं की रेंज जाते. लोकांनी राऊटर बदलले, घराच्या भिंतींना दोष दिला. खरी गोष्ट वेगळी होती. कार्डावर अँटेनाच्या दोन जागा होत्या आणि काही एचपी लॅपटॉपांत पैसे वाचवण्यासाठी एकच अँटेना जोडलेली होती. कोणत्या जागेवर जोडली आहे याची नोंद कार्डाच्या आतल्या स्मृतीत असायला हवी, ती चुकीची भरलेली होती. त्यामुळे लिनक्सचा ड्रायव्हर रिकाम्या जागेवरून सिग्नल शोधत बसायचा. पुढे ड्रायव्हरमध्ये अँटेना निवडण्याची एक सोय आली. एका फाईलमध्ये एक ओळ लिहायची, अँटेना एक किंवा दोन, आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा. रेंज भरभरून यायची. एका ओळीने जे सुटलं, त्यासाठी कित्येकांनी डोंगल विकत घेतले.

ही सोय करून देणाऱ्या माणसाचं नाव लॅरी फिंगर. अमेरिकेतले स्फटिकशास्त्रज्ञ. कार्नेगी इन्स्टिट्यूशनच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत त्यांनी खनिजांच्या रचनेवर काम केलं होतं. त्यानंतर त्यांनी लिनक्सच्या वायफाय ड्रायव्हरांना वाहून घेतलं. आधी ब्रॉडकॉम, मग रिअलटेक. रिअलटेकचे अभियंते जो कोड देत तो मुख्य कर्नलमध्ये बसेल असा करणं, नवं कार्ड कर्नलमध्ये यायला वेळ लागणार असेल तर तोवर वेगळा ड्रायव्हर उपलब्ध ठेवणं आणि जगभरच्या अनोळखी लोकांच्या तक्रारींना एकेक करून उत्तर देणं, हे ते वर्षानुवर्षं करत राहिले. २१ जून २०२४ रोजी त्यांचं निधन झालं. नागपुरातल्या ज्या खोल्यांमध्ये स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स चाललं, त्यांतल्या कित्येक खोल्यांपर्यंत या एका माणसाचं काम पोचलेलं होतं. त्यांच्याबद्दल मला अपार कृतज्ञता वाटते. त्याचबरोबर हेही म्हणावंसं वाटतं की, चिप विकून पैसे मिळवणाऱ्या कंपनीचं काम एका स्वयंसेवकाच्या अंगावर इतकी वर्षं राहायला नको होतं.

आज लिनक्सची स्थिती तेव्हापेक्षा बरीच बरी आहे. रिअलटेकचे नवे ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये येतात. आरटीएल८८२१सीई हे लाखो स्वस्त लॅपटॉपांतलं कार्ड ऑक्टोबर २०२० च्या ५.९ कर्नलमध्ये आलं. वायफाय सहाच्या पिढीचा ड्रायव्हर जानेवारी २०२२ च्या ५.१६ मध्ये आला. पण कार्ड बाजारात येणं आणि ड्रायव्हर कर्नलमध्ये येणं यांत वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि ज्याने या काळात लॅपटॉप घेतला तो लटकतो. बाहेरून उतरवून बसवलेला ड्रायव्हर कर्नल बदलला की तुटतो. रविवारी अपडेट केलं आणि सोमवारी सकाळी मीटिंगला नेट नाही, हा अनुभव त्यातूनच येतो. मीडियाटेकचा एमटी७९२१ हा २०२१ मध्ये कर्नलमध्ये आला. त्याच घराण्यातला स्वस्त एमटी७९०२ मात्र अनेक लॅपटॉपांत बसवून विकला गेला, आणि २०२५ पर्यंत मुख्य कर्नलमध्ये त्याला ड्रायव्हर नव्हता. नावं सारखी म्हणून ड्रायव्हर एक असेल असं गृहीत धरता येत नाही. एएमडीचं नाव लावलेली आरझेड६०८ आणि आरझेड६१६ ही कार्डं तर प्रत्यक्षात मीडियाटेकचीच आहेत.

विंडोजवाल्यांना यातलं काही भोगावं लागत नाही, असा समज आहे. तो खरा नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज अकरा आली तेव्हा होम आवृत्ती बसवताना नेट जोडणं सक्तीचं झालं, पुढच्या वर्षी घरगुती वापरासाठी प्रो आवृत्तीलाही ते लागू झालं. नव्या लॅपटॉपमधलं कार्ड विंडोजच्या पेनड्राईव्हला ओळखता आलं नाही तर बसवणी नेट जोडा म्हणणाऱ्या पानावर येऊन थांबते. पुढे जायचं बटण दबत नाही, मागे जाण्यात अर्थ नसतो. ही पायरी ओलांडण्यासाठी शिफ्ट आणि एफ१० दाबून एक आज्ञा द्यायची युक्ती दुरुस्तीवाल्यांना पाठ होती. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने चाचणी आवृत्तीतून तीही काढत असल्याचं जाहीर केलं.

यावरचा सगळ्यात सोपा उपाय प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. अँड्रॉईड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टिथरिंग सुरू करायचं. केबल मात्र डेटा नेणारी हवी, नुसती चार्जिंगची नव्हे. लॅपटॉपला फोन हा केबलचा नेटवर्क पोर्ट आहे असं वाटतं, आणि त्यासाठीचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये आधीपासून असतो. फोनवर घरचं वायफाय चालू असेल तर तेच नेट लॅपटॉपला मिळतं, मोबाईलचा डेटाही खर्च होत नाही. आयफोन असेल तर विंडोजवर आधी ॲपलचा ड्रायव्हर लागतो, म्हणून शेजाऱ्याचा अँड्रॉईड मागितलेला बरा. हॉटस्पॉटने इथे भागत नाही, कारण हॉटस्पॉट पकडायलाही तेच बंद पडलेलं कार्ड लागतं.

नेट आलं की दुसरं काम कार्डाची ओळख पटवण्याचं. डिव्हाईस मॅनेजर उघडायचा, पिवळ्या त्रिकोणाच्या नेटवर्क कार्डावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जायचं, डिटेल्स या पानावर हार्डवेअर आयडी निवडायचा. तिथे लांबलचक अक्षरं दिसतात. त्यातली VEN_ नंतरची चार कंपनी सांगतात: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे अथेरॉस, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. DEV_ नंतरची चार अक्षरं चिपेचं मॉडेल सांगतात: १०ईसी पुढे बी७२३ दिसलं तर वर सांगितलेलं एका अँटेनाचं कार्ड, सी८२१ दिसलं तर आरटीएल८८२१सीई. लॅपटॉपवरच्या स्टिकरवर विश्वास ठेवायचा नाही. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वेगवेगळ्या कंपनीची कार्डं निघतात, कारण कारखान्यात त्या महिन्यात जे मिळालं ते बसवलेलं असतं. म्हणूनच लॅपटॉप कंपनीच्या पानावर एका मॉडेलखाली वायफायचे तीन-तीन ड्रायव्हर दिसतात आणि घाईत पहिलाच उतरवला जातो. चुकीचा ड्रायव्हर बसला की यंत्र सुरू होऊ शकत नाही असा कोड दहा येतो, किंवा कार्ड दिसतं पण एकही नेटवर्क दाखवत नाही.

कोड दहा नेहमीच चुकीच्या ड्रायव्हरचा नसतो, हेही सांगायला हवं. काही वेळा झोपेतून उठलेलं कार्ड अर्धवट अवस्थेत अडकतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप लॅपटॉप पूर्ण बंद होऊ देत नाही, त्यामुळे नुसतं शटडाऊन करून ते सुटत नाही. चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवलं आणि मग सुरू केलं, तर पुष्कळदा कार्ड परत येतं. पाच मिनिटांचं हे काम फॉरमॅट मारण्याच्या आधी झालं पाहिजे.

कार्ड बदलण्याचा धंदा हा या विषयातला सगळ्यात पैसे खाणारा भाग. सीताबर्डीच्या बाजारात आणि ऑनलाईन सुटी कार्डं मिळतात, किमती आवाक्यात असतात, म्हणून लोक बिनधास्त घेतात. पण इंटेलची एएक्स२१० आणि एएक्स२११ ही दोन कार्डं शेजारी ठेवली तर साध्या डोळ्यांना सारखीच दिसतात. पहिलं बहुतेक नव्या लॅपटॉपांत चालतं. दुसऱ्यात अर्धीच यंत्रणा असते, उरलेली इंटेलच्या ठरावीक पिढ्यांच्या प्रोसेसरसोबत येते. ते कार्ड एएमडीच्या लॅपटॉपमध्ये बसवलं तर काहीच होत नाही, आणि जगातला कुठलाही ड्रायव्हर टाकला तरी होणार नाही. एएक्स२०० आणि एएक्स२०१ यांच्यातही हाच फरक. विकणाऱ्याने हे सांगितलं पाहिजे. बहुतेक वेळा सांगितलं जात नाही, आणि उघडलेलं कार्ड परतही घेतलं जात नाही. जुन्या थिंकपॅड आणि एचपी लॅपटॉपांत आणखी एक भिंत असे: कंपनीच्या यादीत नसलेलं कार्ड बसवलं तर लॅपटॉप सुरूच व्हायचा नाही. थिंकपॅडवर १८०२ क्रमांकाचा संदेश यायचा. रेडिओ उपकरणाला सरकारी मान्यता लॅपटॉपसकट घेतलेली असते, असं कारण त्यासाठी दिलं जाई. भारतातही अशा कार्डांना दूरसंचार खात्याची मान्यता लागते, त्यामुळे कारण अगदी खोटं नाही. पण चांगला लॅपटॉप एका कार्डापायी अडून राहावा, हे ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर अन्यायाचंच होतं. पुढच्या वर्षांत ही पद्धत बरीच मागे पडली.

डोंगल घ्यायचा झाला तरी तीच सावधगिरी. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा लिनक्सवाल्यांचा आवडता डोंगल, कारण त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती. दुसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची आली. खोक्यावरचं नाव तेच राहिलं. जुना सल्ला वाचून नवा डोंगल घेणाऱ्यांचे पैसे त्यात गेले.

मनीषनगरासारख्या फ्लॅटच्या वस्तीत एक तक्रार अशी येते की फोनला नेटवर्क दिसतं आणि लॅपटॉपला दिसत नाही. इथे ड्रायव्हरचा संबंध सरकारी नियमांशी येतो. एकेका इमारतीत इतके राऊटर असतात की २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भरून जातो, म्हणून राऊटर पाच गिगाहर्ट्झवर किंवा बाराव्या-तेराव्या चॅनलवर जातो. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने पाच गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरायला खुला केला. पण कोणत्या देशात कोणते चॅनल चालतात हे कार्डात आणि ड्रायव्हरमध्ये लिहिलेलं असतं. अमेरिकेसाठी भरलेलं कार्ड बारावा-तेरावा चॅनल पाहतच नाही. नातेवाइकांनी तिकडून आणलेल्या लॅपटॉपांत हे खास दिसतं. उपाय सोपा, राऊटरवर चॅनल एक, सहा किंवा अकरा ठेवायचा. सहा गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी मे २०२५ मध्ये मसुदा नियम निघाले. पण त्या पट्ट्यासाठी कार्ड आणि राऊटर यांच्याबरोबर विंडोजही अकरा हवी, दहामध्ये तो पट्टा मिळत नाही.

जुना ड्रायव्हर चालतोय ना, मग कशाला हात लावायचा, असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. २०१७ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी वायफायच्या सुरक्षेतली क्रॅक नावाची मोठी भेग दाखवली, २०२१ मध्ये फ्रॅगअटॅक्स नावाच्या आणखी काही दाखवल्या. जून २०२४ मध्ये विंडोजच्याच वायफाय ड्रायव्हरमधली अशी भेग बुजवावी लागली, जिच्यातून जवळपासचा माणूस लॅपटॉपमध्ये शिरू शकला असता. घरून काम करणाऱ्याच्या लॅपटॉपवर कंपनीचा आणि बँकेचा सगळा व्यवहार असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज दहाचा नेहमीचा आधार संपला, आणि मनीषनगरात आजही दहावर चालणारे लॅपटॉप घरोघरी आहेत. त्यातले अनेक विंडोज अकरासाठी पात्र नाहीत. त्यांना लिनक्सचा रस्ता आहे, पण त्या रस्त्यावर पुन्हा पहिला प्रश्न कार्ड कोणतं हाच येतो. बदलण्याआधी लिनक्सच्या पेनड्राईव्हवरून लॅपटॉप सुरू करून पाहावा. डिस्कवर काही न बसवता वायफाय लागतं की नाही ते तिथेच कळतं.

जबाबदारी कुणावर टाकायची, याचं उत्तर कायद्यात अर्धंमुर्धं आहे. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि कंपन्यांनी सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, सेवा केंद्रं तिथे द्यावीत अशी अपेक्षा ठेवली. त्या चर्चेत सुटा भाग म्हणजे स्क्रीन, बॅटरी, कीबोर्ड. ड्रायव्हर हाही सुटा भागच आहे आणि तो न मिळाल्याने चांगला लॅपटॉप भंगारात जातो, हे अजून तिथे पोचलेलं नाही. लॅपटॉपच्या खोक्यावर आज कायद्यानेच किंमत, आयात करणाऱ्याचा पत्ता आणि बनवला त्या देशाचं नाव छापलेलं असतं. प्रोसेसर कोणता, रॅम किती, हे विकणारा मोठ्या अक्षरांत सांगतो. वायफायच्या पुढे मात्र फक्त "वायफाय सहा" एवढंच असतं. चिपेचं नाव आणि तिचा ड्रायव्हर किती वर्षं मिळेल, एवढी एक ओळ तिथे छापायला कंपनीला काही खर्च येत नाही.

एकट्या ग्राहकाने मागून ती ओळ छापली जाणार नाही, पण ठोक खरेदी करणाऱ्यांनी मागितली तर जाते, याचा पुरावा बाजारातच आहे. कंपन्यांकडून वापरून आलेले लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक नागपुरात सेकंडहँड मिळतात आणि त्यातलं वायफाय पाच-सहा वर्षांनंतरही मुकाट चालतं. त्यात बहुधा इंटेलचं कार्ड असतं, कारण हजारो लॅपटॉप एकदम घेणाऱ्या कंपनीच्या संगणक विभागाने तक्रारी नकोत म्हणून तशी अट घातलेली असते. त्याच किमतीच्या जवळपासचा नवा कोरा स्वस्त लॅपटॉप आणि हा जुना, यांत निवड करायची असेल तर मी विद्यार्थ्याला जुना घ्यायला सांगेन. नागपुरातली कॉलेजं, शाळा आणि सरकारी कार्यालयंही दरवर्षी लॅपटॉपच्या निविदा काढतात. त्या निविदेत रॅम आणि डिस्कच्या ओळींखाली वायफाय चिपेचं नाव आणि लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये ड्रायव्हर असण्याची अट घालता येते, आणि त्यासाठी कुठल्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.